‘हँडल सरळ धर!’ हा सल्ला चुकीचा का आहे? सायकलींच्या येड्या खेळांचा एक रविवार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा एक इअरबड सोफ्याखाली गेलाय तो गेलाच, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. माझे ‘अं...’ आणि ‘म्हणजे काय ना’ काढून टाकलेत. मागे भुंकणारं कुत्रंही काढलंय. बाकी जवळपास जसं बोललो तसंच.

आजचा विषय सायकल. पण घाबरू नका, मी तुम्हाला पहाटे पाचला उठून सिंहगड चढायला सांगणार नाहीये. आज आपण बोलणार आहोत सायकलवर केलेल्या फालतूपणाबद्दल. आणि त्या फालतूपणातून मला, एका बी.टेक. झालेल्या माणसाला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलेल्या एका गोष्टीबद्दल: सायकल पडत का नाही?

तर झालं असं. एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पाच जण पुण्यातल्या एका मोकळ्या मैदानावर जमलो. अर्धं मैदान गवताचं, अर्धं मुरमाचं, एका बाजूला हलका उतार आणि कडेला थोडी फरशी. अजेंडा एकच. सायकलवर खेळता येतील तेवढे बावळट खेळ खेळायचे. किलोमीटर मोजायचे नाहीत, अ‍ॅपवर टाकायचं नाही. सगळ्यात कमी पॉइंट ज्याचे, त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.

मित्रांची नावं सांगत नाही, टोपणनावांवर भागवू. एक ‘रॉकेट’. याच्याकडे महागडी रोड बाईक, घट्ट कपडे, पेडलला खट्‌कन अडकणारे बूट. दुसरा ‘काका’. वय आमच्याएवढंच, पण सायकल वडिलांच्या जमान्यातली. काळी, दांडीवाली, मागे कॅरियर, समोर भाजीची पिशवी. तिसरी ‘मॅनेजर’. गळ्यात शिट्टी, हातात वही आणि खडू. चौथा मी. आणि पाचवा ‘पाहुणा’.

पाहुणा का? कारण तो दर वेळी येतो आणि पाहतो. फोटो काढतो, बाटल्या सांभाळतो, चावी पडली तर शोधून देतो. त्याला सायकल येत नाही.

आधी एक कबुली

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण अठ्ठाविसाव्या वर्षी ‘मला सायकल येत नाही’ हे वाक्य चारचौघांत म्हणून बघा. पोहता येत नाही म्हटलं तर लोक ‘अच्छा’ म्हणतात. सायकल येत नाही म्हटलं की हसतात.

पाहुणा कोकणातला. गाव सगळं चढउताराचं. लहानपणी त्याचे काका मागून कॅरियर धरून पळाले, ‘हँडल सरळ धर, हलवू नको’ असं ओरडले आणि मध्येच हात सोडला. पाहुणा सरळ गडग्यावर. पुढचा अर्धा दात तिथेच राहिला.

तीन वर्षांपूर्वी त्याला शिकवायचा विडा मी उचलला. डायनॅमिक्सच्या पेपरात मला बरे मार्क होते बरं का. मी काय केलं? कॅरियर धरलं, मागे पळालो आणि ओरडलो, ‘हँडल सरळ धर, हलवू नको!’ त्याने शब्दन्‌ शब्द पाळला. चार-पाच मीटर गेला, डावीकडे कलला, हँडल सरळच ठेवलं आणि अख्खा डावीकडे आडवा. कोपर सोललं. तो म्हणाला, ‘राहू दे रे, आपल्याला नाही जमत.’ आम्ही हसलो. तोही हसला. त्यानंतर तो सायकलवर बसला नाही.

मागच्या दिवाळीत त्याची सहा वर्षांची भाची नवी सायकल घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. ‘मामा, शिकव ना.’ मामाने पाठ दुखतेय असं सांगितलं. हे त्याने मला टपरीवर चहा पिताना सांगितलं, आणि सांगताना तो अजिबात हसत नव्हता.

म्हणून त्या रविवारचे खेळ मी आणि मॅनेजरने जरा ठरवून निवडले होते. पाहुण्याला काही बोललो नव्हतो.

खेळ पहिला: स्लो सायकल

हा खेळ शाळेच्या गॅदरिंगला किंवा गणपतीत सोसायटीत तुम्ही पाहिला असेल. मॅनेजरने मुरमावर फक्कीने २० मीटर लांब आणि एक मीटर रुंद पट्टा आखला. नियम तीन. पाय टेकला की बाद, पट्ट्याबाहेर गेलात की बाद, आणि सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला.

रॉकेट सातव्या मीटरला बाद. तेही कसा? बूट पेडलला अडकलेले, पाय निघेना, आणि झाड पडावं तसा सावकाश आडवा. काकाने ते २० मीटर पार करायला ४८ सेकंद घेतले. हिशोब केला तर ताशी दीड किलोमीटर. आजोबा शतपावली करतात त्याहून हळू.

आता प्रश्न असा की हळू चालवणं अवघड का? लोक म्हणतात, ‘वेगामुळे बॅलन्स राहतो.’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच घोळ होतो.

सायकल एका बाजूला कलली की आपण नकळत हँडल त्याच बाजूला थोडं वळवतो. त्यामुळे चाकं त्या बाजूला सरकतात आणि परत आपल्या वजनाच्या खाली येतात. हे सरकणं किती जोरात होईल ते वेगावर अवलंबून असतं, आणि तेही वेगाच्या वर्गावर. ढोबळ हिशोब सांगतो. ताशी १५ किलोमीटरला हँडल एवढंसं वळवून जेवढा परिणाम मिळतो, त्याच्या पंचविसावा भाग ताशी ३ किलोमीटरला मिळतो. वेग पाचपट कमी, परिणाम पंचवीसपट कमी.

म्हणून वेगात असताना हँडल हललेलं दिसतही नाही आणि आपल्याला वाटतं ते सरळच आहे. स्लो सायकलमध्ये तेच काम करायला हँडल इकडून तिकडे गदागदा फिरवावं लागतं. काकाचं हँडल बघितलंत तर तो ताक घुसळतोय असं वाटलं असतं.

जिंकायचं असेल तर काकाची युक्ती ऐका. मागचा ब्रेक अर्धवट दाबून ठेवायचा आणि त्याच्याविरुद्ध हलकं पेडल मारत राहायचं. मग सायकल झटके न देता रांगते. आणि नजर चाकावर नाही, पट्ट्याच्या शेवटी.

खेळ दुसरा: बांधलेलं हँडल

हा आमचा स्वतःचा शोध. काकाची सायकल घेतली, हँडलच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधली आणि मागे सीटखालच्या नळीला आवळून टाकली. हँडल एकदम सरळ, जराही हलणार नाही. आता चालवून दाखवा. गवतावर, सीट खाली केलेली, डोक्यावर हेल्मेट, आणि कललं की लगेच पाय टेकायचा.

मी दोन मीटर. मॅनेजर तीन. काका साडेतीन. रॉकेट म्हणाला, ‘तुम्ही हळू जाताय रे, वेग पाहिजे.’ लांबून पळत येऊन त्याने उडी मारली, जोरात पेडल मारलं आणि सहा मीटर गेला. पण बारकाईने बघितलं तर तोही आमच्याइतक्याच सेकंदांत पडला. वेग जास्त म्हणून अंतर जास्त, एवढंच. पडायला सगळ्यांना साधारण सारखाच वेळ लागला.

म्हणजे नुसता वेग सायकलला उभं ठेवत नाही. वेगामुळे हँडलला ताकद मिळते. हँडलच बांधून टाकलं तर वेगाचा उपयोग शून्य.

घरी करून बघायची गोष्ट. झाडूचा दांडा तळहातावर उभा धरा. तो उजवीकडे कलला की हात कुठे नेता? उजवीकडेच. डावीकडे नेलात तर पडलाच. आणि हात स्थिर ठेवलात तरी पडलाच. सायकलमध्ये दांडा म्हणजे तुम्ही, आणि तळहात म्हणजे जमिनीवर टेकलेली दोन चाकं. फक्त ही चाकं थेट बाजूला सरकवता येत नाहीत. ती सरकवायचा एकच मार्ग, पुढे जात असताना हँडल वळवणं.

पाहुणा हे सगळं बाटल्यांशेजारी बसून बघत होता. तो उठून आला, सुतळी बोटाने ताणून बघितली आणि मला म्हणाला, ‘म्हणजे तू मला हेच करायला सांगत होतास?’

मी म्हटलं, ‘हो.’

तो म्हणाला, ‘आणि काकापण.’ मग परत जाऊन बसला. मला वाटलं चिडला. चिडलाही असेल.

खेळ तिसरा: भुताची सायकल

सायकलबरोबर पळायचं, वेग आला की ढकलून सोडून द्यायचं. कुणीही न बसलेली सायकल सगळ्यात लांब कुणाची जाते? रॉकेटने आपली सायकल द्यायला साफ नकार दिला, त्यामुळे काकाचीच.

आणि खरंच सांगतो, पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. रिकामी सायकल डावीकडे कलते, तिचं हँडल आपोआप डावीकडे वळतं, ती सावरते, मग उजवीकडे. अशी डुलत डुलत जाते. वेग कमी झाला की डुलणं वाढतं आणि मग पडते. मॅनेजरने सोडलेली सायकल मैदानाच्या जवळपास टोकापर्यंत गेली.

मग हँडल वळवतं कोण? याची दोन उत्तरं आपण ऐकलेली असतात. पहिलं, जायरोस्कोप. फिरणाऱ्या चाकाला कलवलं की ते वळू बघतं. दुसरं, ट्रेल. हँडलच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पोचते. म्हणजे टायर मागे मागे ओढलं जातं, ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं.

१९७० मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ‘चालवता येणारच नाही’ अशी सायकल बनवायचा उद्योग केला. तो लेख ‘फिजिक्स टुडे’मध्ये आला होता. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक लावलं, म्हणजे जायरोस्कोपचा परिणाम रद्द. तरी त्याला ती आरामात चालवता आली. रिकामी सोडली तर मात्र लगेच पडली. ट्रेल उलटा केल्यावर सायकल हाताळणं महाकठीण झालं. निष्कर्ष असा की माणूस बसलेला असताना जायरोस्कोपचं महत्त्व आपल्याला वाटतं तेवढं नाही.

मग २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी मिळून त्याच्याही पुढची गंमत केली. त्यांनी छोट्या चाकांची एक विचित्र सायकल बनवली. तिच्यात जायरोस्कोपचा परिणाम रद्द केलेला होता आणि ट्रेलसुद्धा किंचित उलटा होता. दोन्ही लोकप्रिय उत्तरं बाद. तरीही ढकलून सोडली की ती स्वतःला सावरत जायची! त्यात पुढच्या भागाचं वजन कुठे आहे यालाही महत्त्व निघालं. हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं.

म्हणजे सायकल आपोआप का सावरते याचं एका ओळीचं उत्तर नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. सावरणारी सायकल ज्या बाजूला पडायला लागते, त्याच बाजूला तिचं हँडल वळतं. कारण काहीही असो, काम तेच.

आणि आपण नवशिक्याला काय सांगतो? घट्ट धर, हलवू नको. म्हणजे सायकल बिचारी स्वतःहून जे बरोबर करत असते, तेही करू देत नाही.

खेळ चौथा: रेषेला शिवायचं नाही

फरशीवर खडूने एक लांब रेघ मारली. रेघेच्या उजवीकडून, अगदी चार बोटांवरून सायकल चालवायची. शिट्टी वाजली की झटकन उजवीकडे वळायचं. पुढच्या चाकाचा ठसा रेघेवर दिसला की बाद. ठसा दिसावा म्हणून चाक आधी ओलं करायचं.

सोपं वाटतं ना? रेघेपासून दूरच तर जायचंय. रॉकेट बाद, मी बाद, काका बाद. मॅनेजरने एकदा साधलं, पण तिला वळायला अर्धी फरशी लागली.

कारण असं की उजवीकडे वळायला आधी उजवीकडे कलावं लागतं. उजवीकडे कलायचं म्हणजे चाकं आपल्या खालून डावीकडे सरकवावी लागतात. म्हणजे हँडल आधी क्षणभर डावीकडे! हे आपण रोज करतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन शहरात सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बरने कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं होतं की तुम्ही डावीकडे कसे वळता, आणि पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर कुणीच दिलं नाही असं त्याचं निरीक्षण होतं.

याचा रस्त्यावर उपयोग आहे, म्हणून नीट ऐका. डिव्हायडरच्या किंवा फुटपाथच्या काठाला अगदी चिकटून सायकल चालवू नका. काठ आपल्याला ओढून घेतोय असं वाटतं ते याचमुळे. लांब जायला आधी थोडं जवळ जावं लागतं, आणि तेवढी जागाच उरलेली नसते.

मध्यंतर: खराट्याचा पोलो

मिसळीच्या आधी एक डाव सायकल पोलोचा. चेंडू रबरी, काठी म्हणून खराटे, गोल म्हणून चपला. पाय टेकला तर कडुलिंबाला हात लावून यायचं, तोपर्यंत चेंडूला शिवायचं नाही. पाहुणा गोलकीपर, अर्थात पायी. काकाने स्लो सायकलचं कौशल्य वापरून उभ्या उभ्या तीन गोल मारले.

हसू नका, हा खरा खेळ आहे. १८९१ मध्ये आयर्लंडमध्ये सुरू झाला आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळला गेला. तिथे आयर्लंडने जर्मनीला हरवलं होतं. भारतातही त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. म्हणजे आजचा फालतूपणा उद्या कुठे पोचेल सांगता येत नाही.

खेळ पाचवा: बिनपेडलची शर्यत

आता खरा खेळ. मिसळ खाऊन आलो आणि मॅनेजरने जाहीर केलं, ‘पेडल काढा.’

एक टीप. डावं पेडल सोडवताना पाना उलटा फिरवावा लागतो, कारण त्याचे आटे उलटे असतात. आम्ही दोन इंजिनिअर मिळून दहा मिनिटं ते सोडवण्याऐवजी आवळत होतो. शेवटी काकाने येऊन सोडवलं.

पेडल नाहीत, सीट इतकी खाली की दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील. हलक्या उतारावरून पायाने ढकलत यायचं, एका रेघेवर दोन्ही पाय उचलायचे, आणि पाय परत टेकेपर्यंतचं अंतर मोजायचं. सगळ्यात लांब तो जिंकला.

मॅनेजर पाहुण्याला म्हणाली, ‘तू पण.’ तो म्हणाला, ‘मला येत नाही.’ ती म्हणाली, ‘पेडलच नाहीत. आम्हाला तरी कुठे येतंय?’

आणि हे खरंच होतं. बिनपेडलच्या सायकलवर रॉकेटसुद्धा बावळट दिसत होता. पाय कुठे ठेवायचे तेच कळेना. पाहुण्याने बाटल्या खाली ठेवल्या.

पहिल्या फेरीत तो दोन मीटर गेला. दुसऱ्या फेरीतही दोन. मी तोंड उघडणार, एवढ्यात मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. त्याला फक्त दोन गोष्टी सांगायच्या असं आमचं ठरलं होतं. एक, लांब कडुलिंबाकडे बघ. दोन, जिकडे पडशील असं वाटेल तिकडेच हँडल वळव. कॅरियर कुणी धरायचं नाही. कारण मागून धरलं की सायकल कलतच नाही, आणि कललीच नाही तर सावरायला शिकणार कसा?

तिसऱ्या फेरीला तो उलटीकडे वळला आणि टेकला. चौथ्या फेरीला डावीकडे कलला, हँडल डावीकडे गेलं, सायकल उभी राहिली. तो इतका दचकला की त्याने स्वतःच पाय टेकले. मागे वळून आमच्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. सहाव्या फेरीला तो १३ मीटर गेला. माझे ११ होते. वहीत तसं लिहिलंय.

ही पद्धत नवी नाही हं. सायकलचा पूर्वजच बिनपेडलचा होता. कार्ल ड्रायस या जर्मन माणसाने १२ जून १८१७ रोजी मानहाइममध्ये जी दोनचाकी गाडी चालवून दाखवली, ती पायाने जमीन ढकलत चालायची. पुढच्या चाकाला पेडल लागली आणि ती लोकप्रिय झाली ती १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. म्हणजे माणूस आधी तोल सांभाळायला शिकला आणि पेडल मारायला जवळपास पन्नास वर्षांनी. आपण मुलांना मात्र दोन्ही एकदम शिकवतो, वर ओरडतो. आता लहान मुलांच्या बिनपेडलच्या बॅलन्स बाईक मिळतात, त्या याच कल्पनेवर.

साधारण पाऊण तासाने त्याच उतारावर पाहुण्याच्या सायकलला पेडल परत लावली. तो घसरत आला, पाय उचलले, एक पाय पेडलवर सापडला, दुसरा चाचपडत सापडला, आणि तो चालवायला लागला. मैदान ओलांडून गेला. थांबायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पाण्याच्या कॅनवर जाऊन धडकला. कॅन फुटला. त्याला काही झालं नाही. तो उठला आणि म्हणाला, ‘परत.’

कळणं आणि वळणं

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं होतं तर तीन वर्षांपूर्वीच ‘पडशील तिकडे वळव’ असं सांगायचं. पण सांगून भागत नाही. ‘कळतं पण वळत नाही’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

‘स्मार्टर एव्हरी डे’ या यूट्यूब चॅनलचा डेस्टिन सँडलिन तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्याने २०१५ मध्ये उलट्या हँडलच्या सायकलचा व्हिडिओ टाकला. हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे. तो स्वतः इंजिनिअर, नियम एका सेकंदात कळला. पण चालवता यायला रोज थोडा थोडा सराव करून आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला लागले दोन आठवडे. मग तो साध्या सायकलवर बसला, तर तीच येईना! काही वेळाने जुनी सवय परत आली.

म्हणजे तोल सांभाळायचं ज्ञान डोक्यात वाक्य म्हणून बसत नाही. ते शेकडो छोट्या चुका आणि दुरुस्त्यांमधून हातात उतरतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन वाचून नाही, सिस्टीम चालवून. त्यासाठी चुकायला सुरक्षित जागा लागते. हळू वेग, पाय टेकण्याएवढी खाली सीट, मऊ गवत. आणि चुकल्यावर कुणी हसणार नाही याची खात्री. ही शेवटची गोष्ट कुठल्याच समीकरणात नसते. बावळट खेळांमध्ये ती आपोआप मिळते, कारण तिथे सगळेच पडतात. त्या दिवशी रॉकेट चार वेळा पडला होता. पाचव्या माणसाच्या पडण्याचं कुणाला काय?

मी पाहुण्याला म्हटलं, ‘तेव्हा मी चुकीचं शिकवलं. सॉरी.’ तो म्हणाला, ‘कॅनचे पैसे तू दे.’ दिले. मिसळीचे पण मीच दिले, सगळ्यात कमी पॉइंट माझेच होते.

तुम्हाला करायचं असेल तर

मोकळं मैदान शोधा, जिथे गाड्या येत नाहीत. हेल्मेट घाला, चपला नकोत, बूट घाला. दोन्ही ब्रेक आधी तपासा. बांधलेल्या हँडलचा खेळ फक्त गवतावर आणि चालण्याच्या वेगाने. रॉकेटसारखी पळत उडी मारू नका. मोठ्या माणसाला शिकवत असाल तर पेडल काढा, सीट खाली करा आणि कॅरियरला हात लावू नका. आणि ‘हँडल सरळ धर’ हे वाक्य जिभेवर आलं तर पाणी प्या.

पाहुण्याचं पुढे काय झालं? त्याला अजून उजवीकडे नीट वळता येत नाही, सिग्नलला सुरुवात करताना दोनदा पाय टेकतो. पण मागच्या शनिवारी त्याने ग्रुपवर एक फोटो टाकला. एका छोट्या गुलाबी सायकलची दोन काढलेली पेडल, पेपरवर ठेवलेली. शेजारी पाना. खाली लिहिलं होतं, ‘डावं उलटं असतं. लक्षात होतं.’

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्हाला सायकल कुणी आणि काय ओरडून शिकवली, त्याची व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि तुमच्या ग्रुपमध्ये दर वेळी फोटो काढणारा, बाटल्या सांभाळणारा कुणी असेल, तर हा भाग त्याला फॉरवर्ड करू नका. सरळ मैदानावर बोलवा. भेटू!